पळस: खान्देशच्या पानगळीत फुलणारं झाड आणि त्याच्या जिवावर उन्हाळा काढणारे

फेब्रुवारी संपत आला की धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गाच्या दोन्ही बाजूंचं रान करडं पडतं. सागाची पानं गळालेली, गवत वाळलेलं, नाले कोरडे. तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालं की याच करड्या रानात मधूनमधून केशरी-लाल ठिपके दिसू लागतात. जवळ गेलं तर अंगावर एक पान नाही, पण फांदी न फांदी फुलांनी लगडलेली. हा पळस. मध्य प्रदेशच्या सीमेजवळ याच महामार्गावर पळासनेर नावाचं गाव आहे, तिथे तर झाड गावाच्या नावातच जाऊन बसलं आहे. कवी ना. धों. महानोरांचं अजिंठ्याजवळचं पळसखेडे खान्देशच्या वेशीला लागूनच. बंगालमधल्या ज्या प्लासीला १७५७ साली लढाई झाली, त्या ‘पलाशी’ गावाचं नावही याच झाडावरून पडलेलं मानतात.

मार्च आला की इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर पळसाच्या फोटोंचा पूर येतो. फोटो सुंदर असतात, पण खालची माहिती बऱ्याचदा दुसऱ्याच झाडाची असते. मग ‘पांढरा पळस, दर्शन घ्या, शेअर करा’ असे मेसेज फिरू लागतात, आणि त्यातले काही झाडाच्या मुळावर उठतात, तेही अगदी शब्दशः.

पळस हा हरभऱ्याचा भाऊबंद

हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पळस हा शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातला आहे. तूर, हरभरा, मूग, भुईमूग, मेथी, बाभूळ, करंज, चिंच हे सगळे याच मोठ्या गोतावळ्यातले. त्यातही हरभरा, वाटाणा यांची फुलं ज्या घडणीची असतात, अगदी त्याच घडणीचं पळसाचं फूल असतं. फक्त आकाराने कितीतरी मोठं.

वाटाण्याचं फूल नीट पाहिलं असेल तर पाच पाकळ्या आठवतील. वरची एक मोठी, ताठ उभी. तिला वनस्पतिशास्त्रात ध्वज किंवा पताका म्हणतात. दोन बाजूंना दोन पंख. खाली दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून होडीसारख्या झालेल्या. पळसात ही खालची होडी लांब, बाकदार आणि टोकदार होते, थेट पोपटाच्या चोचीसारखी. संस्कृतात पळसाला ‘किंशुक’ म्हणतात. ‘हा पोपट तर नव्हे?’ अशी त्या नावाची फोड केली जाते. या चोचीच्या आत दहा पुंकेसर आणि मधोमध स्त्रीकेसर दडलेला असतो. फुलाचं देठाकडचं आवरण मात्र गडद, काळपट तपकिरी आणि मखमली असतं. कळ्या असताना सगळी फांदी काळी दिसते आणि त्या काळ्यातून केशरी रंग बाहेर येतो, म्हणून दुरून निखारा फुलल्यासारखं वाटतं.

शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. यातला ‘ब्युटिया’ हा शब्द वनस्पतिशास्त्राचा आश्रयदाता असलेल्या ब्रिटिश उमराव जॉन स्टुअर्ट, म्हणजे अर्ल ऑफ ब्यूट याच्या नावावरून आला. पळसाशी त्याचा एवढाच संबंध. ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकच बी असलेला, आणि हे नाव मात्र नेमकं आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने सुरुवातीला पळसाला पांगाऱ्याच्या प्रजातीत बसवलं होतं. दोन्ही झाडं पाहिलेल्या माणसाला त्यात फारसं नवल वाटणार नाही.

हिंदीत ढाक, टेसू किंवा पलाश. गुजरातीत झाडाला खाखरो आणि फुलाला केसूडां. अहिराणीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, डोळा जसा डोया होतो, तसा पळस ‘पयस’ होतो. उत्तर प्रदेश आणि झारखंड या दोन राज्यांचं हे राज्यफूल आहे. महाराष्ट्राचं नाही; आपलं राज्यफूल ताम्हण.

आणि पानं? पळसाला पाने तीनच. म्हण सगळ्यांना पाठ आहे: कुठेही जा, परिस्थिती सारखीच. झाडाच्या बाबतीत सांगायचं तर ते एकच पान असतं, तीन पर्णिकांचं. मधली मोठी, बाजूच्या दोन किंचित वाकड्या. मूग-उडदाच्या पानांशी ताडून पाहा, तिथेही तीनच असतात. म्हणीतलं निरीक्षण पक्कं आहे, पण तीन पानांचा मान एकट्या पळसाचा नाही.

पानं नसताना फुलं कशाला?

जळगाव-धुळ्याचा उन्हाळा काय असतो हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. इथली जंगलं कोरडी, पानगळीची. पानांतून पाणी उडून जातं, म्हणून झाडं ती गाळून टाकतात. मग नेमक्या याच काळात हजारो रसदार फुलं काढण्याची चैन पळसाला कशी परवडते?

एक तर त्याची मुळं खोल जातात. दुसरं, पानं नसली की फुलं लांबून दिसतात, आणि पळसाला नेमकं तेच हवं असतं. त्याच्या फुलांना वास जवळपास नसतोच. जुन्या संस्कृत साहित्यात यावरून त्याला बरेच टोमणे खावे लागले आहेत: रूप आहे पण गुण नाही. हा टोमणा अन्यायाचा आहे. पळस ज्यांना बोलावतो ते वासाच्या मागावर येणारे नसतात, रंग पाहून येणारे असतात. ते म्हणजे पक्षी. मधमाश्यांना लाल रंग नीट ओळखू येत नाही, पक्ष्यांना तो लांबून दिसतो. जाड, भक्कम पाकळ्या, मुबलक पातळ मध, दिवसा उघडणारी फुलं, वास नाही: सगळी मांडणी चोचीच्या पाहुण्यांसाठी.

फुललेल्या पळसाखाली सकाळी अर्धा तास उभं राहिलं तर ही पंगत दिसते. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, टकाचोर, पोपट, शिवाय खारी आणि माकडंही. पण आलेला प्रत्येक जण झाडाचं काम करतोच असं नाही. ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’ या संशोधनपत्रिकेत २००३ साली पळसाच्या प्रजननावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की फुलांना भेट देणाऱ्या पक्ष्यांपैकी खरं परागीभवन जांभळा शिंजीर हा इवलासा पक्षी करतो, आणि त्याच्या जोडीला खार. चिमणीपेक्षाही लहान असलेला हा शिंजीर चोच घालून मध ओढतो तेव्हा होडीसारखी पाकळी दबते, आतले परागकण त्याच्या अंगाला लागतात आणि पुढच्या झाडावर पोहोचतात. बाकी बरेच जण मध पिऊन जातात आणि परतफेड करत नाहीत. पोपट तर फुलंच कुरतडून खाली टाकतो.

म्हणून पळसाखाली फुलांचा सडा पडतो आणि शेंगा मात्र मोजक्याच धरतात.

पळस मैना, म्हणजेच भोरडी

या पंगतीतला एक पाहुणा खूप लांबून येतो. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, डोक्यावर छोटा तुरा. मराठीत त्याला भोरडी म्हणतात आणि दुसरं नाव पळस मैना. हे पक्षी मध्य आशिया आणि पूर्व युरोपच्या गवताळ भागात अंडी घालतात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून भारतात येऊ लागतात. एप्रिलच्या सुमारास परततात.

ज्वारी करणाऱ्या शेतकऱ्याला भोरड्यांचं नाव काढलं तरी राग येतो, आणि तो रास्तच आहे. हजारोंचा थवा दाणे भरलेल्या कणसांवर उतरला की राखण करणाऱ्याची गोफण अपुरी पडते. मात्र हाच पक्षी टोळ आणि नाकतोडे मोठ्या प्रमाणात खातो. ज्वारी निघून गेल्यावर, परतीच्या प्रवासाआधीच्या आठवड्यांत, पळस आणि काटेसावरीच्या मधावर या पक्ष्यांची झुंबड उडते. हजारो किलोमीटरचं उड्डाण पुढ्यात असताना मिळणारी ही शिदोरी आहे. झाडाचं नाव पक्ष्याला मिळावं इतकं हे नातं जुन्या लोकांच्या डोळ्यांत भरलं होतं.

खान्देशात फेब्रुवारी ते एप्रिल हा रानातल्या जिवांसाठी अडचणीचा काळ. पाणवठे आटतात, किडे कमी होतात, फळं अजून पिकलेली नसतात. मोह, काटेसावर, पांगारा आणि पळस अशी थोडीच झाडं या दिवसांत काही देऊ करतात. यावल अभयारण्यात, शिरपूर तालुक्यातल्या अनेर धरण अभयारण्यात किंवा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रानात या दिवसांत पक्षी पाहायचे असतील, तर फुललेला पळस शोधून त्याच्याजवळ थांबणं हा सगळ्यात सोपा उपाय. शिंजीर तरी दिसणारच.

गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून टिकला

पळस घनदाट जंगलातला राजा नाही. त्याला उघडी जागा लागते. माळ, बांध, नाल्याचा काठ, चराईचं कुरण, तोडलेल्या जंगलाची कड, अशा ठिकाणी तो हमखास असतो. काळ्या भारी जमिनीत, पाणी साचणाऱ्या जागी, किंचित खारवट मातीतही तो तग धरतो. तिथे इतर अनेक झाडं हात टेकतात. त्याची चिवट, जाड पानं गुरं सहसा खात नाहीत (म्हशीचा अपवाद). तोडला तर बुंध्यातून फुटतो. वणवा लागून गेला तरी मुळांतून नवे कोंब येतात. माळावर जवळजवळ दिसणारी पळसाची अनेक झुडपं कधीकधी एकाच झाडाच्या मुळांतून आलेली असतात.

याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. एखाद्या माळावर फक्त पळसच पळस उरला असेल, तर तिथे चराई आणि तोड बरीच झालेली असण्याची शक्यता मोठी. बाकीची झाडं गेली, हा राहिला. पुढे अशा जमिनीला कागदोपत्री ‘पडीक’ म्हटलं जातं, आणि पडीक म्हटलं की ती कशासाठीही मोकळी होते.

शेंग चपटी, कागदासारखी, वितीएवढी किंवा थोडी कमी. तिच्या अगदी टोकाला एकच चपटी बी असते, उरलेली शेंग म्हणजे पंख. ‘मोनोस्पर्मा’ ते यामुळेच. या शेंगा मे-जूनमध्ये पिकतात. वळवाच्या वाऱ्यात त्या गिरक्या घेत लांब पडतात आणि लगेच पाऊस येतो. बी फार काळ टिकत नाही, पण टिकण्याची गरजच पडू नये असं हे वेळापत्रक आहे.

झाडाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा कीडाही वाढवतात. पळस, बोर आणि कुसुम ही भारतातली लाखेची मुख्य यजमान झाडं. हा धंदा प्रामुख्याने झारखंड, छत्तीसगड आणि विदर्भाच्या पूर्व टोकाचा.

पत्रावळीपासून विहिरीपर्यंत

लग्नाच्या पंगतीत पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण हे एकेकाळी गृहीतच असायचं. पानं हिरवी असताना तोडायची, वाळवायची, बारीक काड्यांनी टाचायची, हे आदिवासी आणि गरीब घरांतल्या बायकांचं मोसमी उत्पन्न होतं. थर्माकोल आलं आणि ते बुडालं. महाराष्ट्राने २०१८ साली थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, २०२२ मध्ये देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. पण मोकळी झालेली जागा बरीचशी कागदी आणि यंत्रावर दाबलेल्या प्लेटांनी घेतली. हाताने टाचलेली पत्रावळ शहरात आता ‘इको-फ्रेंडली’ म्हणून महाग मिळते. टाचणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं किती पडतं, हा प्रश्न ती विकत घेणाऱ्याने एकदा तरी विचारावा.

बाकी उपयोग थोडक्यात. सालीला चीर दिली की लाल रस येतो, तो वाळून माणकासारखा गोंद होतो. बाळंतिणीच्या लाडवांत घालतात तो ‘कमरकस’ हाच. मुळांच्या सालीचा वाख निघतो, त्याचे दोर वळत आणि चुना मारायचे कुंचले करत. लाकूड हलकं आणि इमारतीला निरुपयोगी, पण पाण्याखाली चांगलं टिकतं, म्हणून जुन्या विहिरींच्या बांधकामात ते घालत. बियांना पळसपापडी म्हणतात आणि आयुर्वेदात ती जंतावर देतात. त्यात कृमींवर परिणाम करणारं पॅलासोनिन नावाचं द्रव्य असल्याचं आढळलं आहे. पण औषध आहे म्हणजे निर्धोक आहे असं नव्हे. ‘रोज एक चमचा पळसबी’ छापाचे मेसेज वाचून कोणी ते लहान मुलाला किंवा गरोदर बाईला देऊ नये. वैद्याला विचारल्याशिवाय तर नाहीच.

होळीचा रंग मात्र बिनधास्त घरी करता येतो. झाडाखाली पडलेली फुलं गोळा करायची, सावलीत वाळवायची, रात्रभर पाण्यात भिजवायची किंवा उकळायची. पाणी पिवळं-केशरी होतं. चिमूटभर चुना टाकला की रंग गडद होतो, कारण फुलांतली रंगद्रव्यं अल्कली मिळताच रंग बदलतात. झाडावरची फुलं ओरबाडण्याची गरज नाही, खालचा सडा पुरतो. होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा समाजाचे भोंगऱ्या बाजार भरतात, त्याच दिवसांत रानात हा बहर असतो.

फोटोखाली नाव टाकण्याआधी

लाल फुलांची चार झाडं एकमेकांत हमखास मिसळतात. काटेसावरीचं फूल मोठं, मांसल, पाच सारख्या पाकळ्यांचं, पेल्यासारखं, आणि खोडावर काटे असतात. ती शेंगवर्गातली नव्हेच. पांगारा पळसाचा जवळचा नातेवाईक, त्यालाही तीन पर्णिका, पण फांद्यांवर काटे असतात, फुलं शेंदरी-लाल असतात आणि पळसाच्या काळ्या मखमली कळ्या तिथे नसतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, फुलतो एप्रिल-मेपासून, पानं बारीक पिसासारखी. इंग्रजीतलं ‘फ्लेम ऑफ द फॉरेस्ट’ हे नाव या सगळ्यांना आणि आणखी काहींना सर्रास लावलं जातं, म्हणून त्यावर विसंबू नये. पळस ओळखायची खूण एकच पुरे: काळी मखमली कळी आणि बाकदार चोच.

पळसवेल नावाचा त्याचा वेलवर्गीय भाऊ आहे, फुलं तशीच. झाडाऐवजी दुसऱ्या झाडावर चढलेला जाड वेल दिसला तर तो ओळखायचा.

पांढरा पळस आणि गुप्तधन

आता त्या व्हायरल मेसेजबद्दल. पळसात क्वचित पिवळ्या फुलांची झाडं सापडतात. शास्त्रात त्यांना ‘ल्युटिया’ हे वेगळं नाव आहे. पांढरट फुलांची झाडं त्याहून दुर्मीळ. रंगद्रव्य तयार करण्याच्या साखळीत कुठेतरी जनुकीय बदल होतो आणि केशरी रंग तयार होत नाही किंवा कमी होतो, इतकंच त्यामागचं कारण. पांढरी जास्वंद असते तसाच हा प्रकार. बरेच फोटो तर नुसतेच रंग बदललेले असतात.

पण पांढऱ्या पळसाच्या मुळीने गुप्तधन सापडतं, पैसा टिकतो, असल्या समजुती मध्य भारतात जुन्या आहेत. पूर्वी अशा झाडाचा पत्ता गावापुरता राहायचा. आता फोटो, गावाचं नाव आणि नकाशावरची खूण एका तासात हजारो लोकांपर्यंत जाते. अशा झाडांची साल सोलल्याच्या, फांद्या तोडल्याच्या, मुळं खणून नेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आलेल्या आहेत. दुर्मीळ म्हणून प्रसिद्ध झालं आणि प्रसिद्ध झालं म्हणून मेलं, अशी या झाडांची गत होते. गुप्तधनाच्या नावाखाली अमानुष, अघोरी कृत्य करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, पण तो कायदा माणसांच्या रक्षणासाठी आहे; रात्री कुदळ घेऊन झाडाशी आलेल्याला तो थेट अडवत नाही.

असं झाड दिसलंच तर फोटो जरूर काढावा, मात्र मोबाइलमधलं ठिकाण बंद करून. तालुका, गाव, गट नंबर काहीही लिहू नये. कळवायचं तर वनविभागाला किंवा जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला. मुळातून येणारे कोंब मूळ झाडासारखेच असतात, त्यामुळे रंगासकट रोपं करण्याचा मार्ग जाणकारांसाठी खुला असतो. बियांतून तोच रंग येईल याची खात्री नसते.

बांधावरचा पळस

साध्या केशरी पळसाला हा धोका नाही. त्याचा धोका सावकाश येतो. खाजगी जमिनीवरची झाडं तोडण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्र कायद्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, खैर आहेत, खान्देशच्या डोंगरांवरचा अंजनही आहे. पळस नाही. बांध अरुंद होतो, ट्रॅक्टर वळायला अडचण होते, कपाशीवर सावली पडते, रस्ता रुंद होतो. दरवेळी एक-दोन पळस जातात. इमारतीचं लाकूड नाही, विकून पैसे नाहीत, म्हणून कोणी फारशी हळहळही करत नाही. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला या झाडातून आज काहीच मिळत नाही, आणि बांधावरच्या मधाचा हिशेब शिंजीर मांडू शकत नाही.

लावायचा असेल तर पळस सोपा आहे. मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला झाडाखाली पडलेल्या ताज्या शेंगा वेचायच्या. गेल्या वर्षीच्या चालत नाहीत. बी सोलून काढायची गरज नाही, बीचं टोक सहज मातीआड जाईल इतकी शेंग पुरायची. जिथे झाड हवं तिथेच लावावी, कारण सोटमूळ लवकर खोल जातं आणि पिशवीतलं रोप नंतर हलवलं की रुसतं. दोन-तीन पावसांत कोंब येतो. पहिली काही वर्षं तो जमिनीवर फारसा वाढताना दिसत नाही, उन्हाळ्यात वाळलाही वाटतो. तेव्हा उपटून टाकू नये. वाढ खाली चाललेली असते. त्याला शेळ्यांपासून कुंपण लागत नाही आणि पहिला उन्हाळा सोडला तर पाणीही लागत नाही.